‘सर, आउटपुट येत नाही’: ब्रेडबोर्डवरच्या लॉजिक सर्किटमधला दोष कोणत्या क्रमाने शोधावा

लक्षणे

तिसऱ्या सत्राचे डिजिटल लॉजिकचे प्रॅक्टिकल ऐन पावसात सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी ‘सर, आउटपुट येत नाही’ ही तक्रार येऊन उभी राहते. कोकण किनाऱ्यावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गेली अठरा वर्षे प्रयोगशाळा सहायक आहे आणि हा एकच दोष मी इतक्या वेळा काढला आहे की त्याची रूपे आता पाठ झाली आहेत. या एका वाक्याखाली निरनिराळी दुखणी लपलेली असतात. त्यामुळे तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी नेमके काय दिसते तेवढेच सांगायला लावतो.

कधी एलईडी मुळीच लागत नाही, किंवा कोणताही स्विच खालीवर केला तरी लागलेलाच राहतो. कधी सत्यता सारणीच्या (कोणत्या इनपुटला कोणते आउटपुट यावे, त्या तक्त्याच्या) तीन ओळी बरोबर येतात आणि एकच ओळ चुकते. कधी एलईडी धड पेटत नाही आणि धड विझतही नाही. कधी वायरवर बोट दाबून धरले की आउटपुट बरोबर येते आणि बोट उचलताच बिघडते. काल संध्याकाळी चाललेली जोडणी रात्रभर कोणी हात न लावता तशीच ठेवली, तरी आज सकाळी ती चालत नाही, असेही होते. काउंटरच्या प्रयोगात आकडा ० नंतर ३, मग ४, मग ७ अशा उड्या मारतो, किंवा ९ वर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही.

यांपैकी काहीही दिसले की विद्यार्थी प्रथम नवा आयसी, म्हणजे गेट असलेली चिप, मागतो. माझ्या अनुभवात आयसीच खराब निघण्याचे प्रसंग थोडे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रसंगी तो आदल्या बॅचमध्ये कोणीतरी उलटा बसवलेला होता. लॉजिक आयसींची ७४०० मालिका १९६० च्या दशकातली आहे आणि तिचे गेट (० आणि १ वर अँड, ऑर अशा क्रिया करणारे भाग) बरेच सोसतात. त्यांच्याभोवतीची जोडणी मात्र तेवढी सोशीक नसते. म्हणून खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो आणि आयसी बदलण्याची पाळी त्यात जवळजवळ शेवटी येते.

या क्रमाला एकच अपवाद आहे. आयसीवर बोट ठेवल्यावर चटका बसत असेल किंवा जळका वास येत असेल, तर काहीही मोजत बसू नये. आधी सप्लाय बंद करावा आणि मग पहिल्या तपासणीकडे वळावे.

किनाऱ्यावर हे अधिक का होते

ब्रेडबोर्डच्या पाच-पाच भोकांखाली धातूची एकेक पट्टी असते आणि प्रत्येक भोकाखाली त्या पट्टीची चिमटी वायरला धरते. तिथे सोल्डरचा डाग नसतो. चिमटीची पकड आणि दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असणे, एवढाच काय तो जोड. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात आणि मीठ हवेतली ओल ओढून घेते. ज्या हवेत स्वयंपाकघरातल्या मिठाला बरणीत पाणी सुटते आणि खिडकीचे गज गंजून फुगतात, त्याच हवेत या चिमट्या आणि आयसीचे पाय काळवंडतात. काळवंडलेल्या थराचा रोध स्थिर नसतो. वायर जराशी हलली, टेबलाला धक्का लागला किंवा हवा कोरडी झाली की तो बदलतो, आणि बोट दाबल्यावर सर्किट चालण्याचे कारणही हेच आहे.

दुर्दैवाने आपल्या अभ्यासक्रमात ब्रेडबोर्डशी विद्यार्थ्याची पहिली गाठ वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत पडते. जानेवारीत त्याच बोर्डावर तेच सर्किट निमूट चालते आणि मग विद्यार्थ्याला वाटते की आपला हात बसला. हात बसलेला असतोच, पण हवाही कोरडी झालेली असते, हे विसरू नये.

पहिली तपासणी: सप्लाय बंद ठेवून नुसते पाहणे

या तपासणीला काहीही खर्च नाही आणि वेळ लागतो तो दोन मिनिटांचा, तरी ती टाळली जाते. आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच डावीकडे ठेवून आयसी समोर धरला की खालच्या रांगेतला डावीकडचा पहिला पाय म्हणजे १ क्रमांकाची पिन. १४ पायांचा आयसी उलटा बसला तर १४ च्या जागी ७ आणि ७ च्या जागी १४ येते, म्हणजे सप्लाय नेमका उलटा मिळतो. आयसी क्षणात तापतो तो यामुळे.

त्यानंतर आयसीवरचा क्रमांक वाचावा, आणि तो प्रकाशात तिरका धरून नीट वाचावा. आयसीवर क्रमांकाखेरीज निर्मितीची तारीखही चार आकड्यांत छापलेली असू शकते. ८७३४ याचा अर्थ १९८७ सालचा ३४ वा आठवडा. ही तारीख कधी ७४ ने सुरू झाली तर तोच आयसीचा क्रमांक वाटतो. क्रमांकाची खूण अशी की त्याच्या आधी किंवा मध्ये अक्षरे असतात, जसे ७४एलएस०८ किंवा ७४एचसी०८. मधली अक्षरे (एलएस, एचसी) आयसीच्या आतल्या रचनेचा प्रकार सांगतात. ती वहीत लिहून ठेवावीत, कारण पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पिनांची मांडणी सर्व आयसींत सारखी असते, हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. ७४००, ७४०८, ७४३२ आणि ७४८६ या चौघांत १ आणि २ इनपुट आणि ३ आउटपुट असते, त्यामुळे हात त्याला सरावतो आणि मग ७४०२ येतो. त्याच्या नॉर गेटमध्ये आउटपुट १ वर आणि इनपुट २ व ३ वर असतात. सरावाने १ ला स्विचची वायर लावली की आउटपुटलाच स्विच जोडला जातो. सप्लायचेही तसेच आहे. १४ आणि ७ ही जोडी बहुतेक साध्या गेटांना लागू पडते, पण ७४९० ला सप्लाय ५ वर आणि ग्राउंड १० वर लागते, तर १६ पायांच्या ७४७६ ला सप्लाय ५ वर आणि ग्राउंड १३ वर. म्हणून प्रत्येक प्रयोगाला त्या आयसीची डेटाशीट समोर ठेवावी. पाठीमागच्या बाकावरून मिळालेली आकृती पुरेशी नाही.

शेवटी आयसी बाजूने, डोळा बोर्डाच्या पातळीला आणून पाहावा. घाईने दाबलेल्या आयसीचा एखादा पाय भोकात जाण्याऐवजी पोटाखाली दुमडतो आणि वरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. एकदा एका विद्यार्थिनीने पूर्ण अॅडरची (दोन अंक आणि हातचा यांची बेरीज करणाऱ्या सर्किटची) जोडणी तीन वेळा सोडून पुन्हा केली. दुमडलेला पाय तिन्ही वेळा तसाच होता.

दुसरी तपासणी: सप्लाय आयसीच्या पायावर मोजणे

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीच्या जागी ठेवावा. काळी प्रोब आयसीच्या ग्राउंडच्या पायाला आणि लाल प्रोब सप्लायच्या पायाला प्रत्यक्ष टेकवावी, बाजूच्या वायरला किंवा बोर्डाच्या कडेच्या पट्टीला टेकवू नये. ७४ मालिकेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. ट्रेनर किटच्या (सप्लाय, स्विच आणि एलईडी एकत्र असलेल्या पेटीच्या) टर्मिनलवर ५.०२ आणि आयसीच्या पायावर ४.३ दिसत असेल, तर मधले ०.७ व्होल्ट कुठल्यातरी काळवंडलेल्या जोडात जात आहेत, आणि तो जोड कोणता ते प्रोब एकेक पाऊल मागे नेत शोधता येते.

बोर्डाच्या कडेच्या लांब पट्ट्या अनेक ब्रेडबोर्डांत मध्यावर तुटक असतात. छापलेली लाल-निळी रेघ जिथे खंडित दिसते तिथे आतली पट्टीही खंडित असते. डाव्या अर्ध्या भागातले आयसी चालतात आणि उजव्या भागातले गप्प बसतात, याचे कारण बहुतेकदा हेच असते. वायरचा एक तुकडा टाकून दोन्ही भाग जोडावेत.

ग्राउंडकडे फारसे कोणी पाहत नाही. काळी प्रोब किटच्या ग्राउंड टर्मिनलला आणि लाल प्रोब आयसीच्या ग्राउंडच्या पायाला लावली तर वाचन काही मिलिव्होल्टांपुरते असावे. तिथे ०.३ व्होल्ट दिसले तर ती बाब गंभीर आहे. मूळ ७४०० मालिकेत गेट आपले शून्य जास्तीत जास्त ०.४ व्होल्टवर ठेवण्याची हमी देते आणि पुढचे गेट ०.८ व्होल्टपर्यंत शून्य मानते, म्हणजे मध्ये उसंत फक्त ०.४ व्होल्टची. खराब ग्राउंडने त्यातले ०.३ खाल्ले की उरलेल्या ०.१ मध्ये सर्किट कधी चालते, कधी चालत नाही, आणि त्या लहरीपणाला आयसी जबाबदार धरला जातो.

एचसी आयसींच्या बाबतीत इथे एक चकवा आहे. सप्लायची वायर तुटलेली असली तरी एखादे इनपुट १ असेल, तर आतल्या संरक्षक डायोडातून तिथून आयसीला चोरून वीज मिळते आणि गेट चालल्यासारखे वाटते. सगळी इनपुट ० केली की हा आधार जातो. नॅन्ड गेटला ००, ०१, १०, ११ देताना ०१ आणि १० ला १ येतो, ११ ला ० येतो, आणि ०० ला मात्र १ यायचा तो येत नाही, असे दिसले तर आधी सप्लायच्या पायावर मीटर लावावा.

तिसरी तपासणी: इनपुट अधांतरी आहे का

माझ्या मते या सबंध विषयात विद्यार्थ्याने सर्वांत नीट समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. फळ्यावर इनपुट ० असते किंवा १ असते. बोर्डावर ते कशालाच जोडलेले नसणे ही तिसरी अवस्था असते. एलएस आयसीचे इनपुट असे अधांतरी राहिले तर गेट त्याला बहुधा १ समजते. एचसी आयसीचे इनपुट अधांतरी राहिले तर ते काय समजेल याचा नेम नाही, आणि नुसता हात जवळ नेला तरी आउटपुट बदलते.

आता तीन ओळी बरोबर आणि एक चूक या लक्षणाकडे पाहू. एलएस मालिकेतल्या अँड गेटचे दुसरे इनपुट सुटले आणि ते १ मानले गेले, तर आउटपुट पहिल्या इनपुटसारखे वागते. ००, ०१ आणि ११ या ओळी बरोबर येतात आणि फक्त १० ला चुकीचा १ येतो. नॅन्डचीही चूक त्याच ओळीत पडते. ऑर गेटचे एक इनपुट सुटले तर आउटपुट कायम १ राहते, म्हणजे ०० सोडून बाकी तिन्ही ओळी बरोबर. नॉरमध्येही चूक ०० लाच येते. एक्सऑरमध्ये मात्र दोन ओळी चुकतात. याचा अर्थ चुकलेल्या ओळीवरून, मीटर हातात न घेता, कोणती वायर सुटली याचा अंदाज बांधता येतो. विद्यार्थी चुकलेली ओळ खोडून पुस्तकातली बरोबर ओळ जर्नलमध्ये लिहितात आणि हातातला पुरावा घालवतात. चुकलेली सारणी जशीच्या तशी घेऊन या, असे मी म्हणतो ते यासाठी.

मीटर लावायचा झाला तर एलएस सर्किटमध्ये आकडे असे वाचावेत. ०.४ व्होल्टपर्यंत वाचन हे निरोगी शून्य. ३ व्होल्टच्या वर, बहुधा ३.४ च्या आसपास, हा निरोगी एक. तो ५ का नाही म्हणून घाबरू नये, या मालिकेची रचनाच तशी आहे आणि तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारलाही जातो. इनपुटच्या पायावर १.२ ते १.७ दिसले तर ते इनपुट अधांतरी आहे. आउटपुटच्या पायावर ०.८ आणि २.० च्या मधले काही दिसले तर दोन आउटपुट एकमेकांना जोडली गेली असून त्यांची ओढाताण चालू आहे, किंवा त्या आउटपुटवर झेपणार नाही एवढा भार आहे. पुल-अप (सप्लायकडे जोडलेला रोधक) नसताना आउटपुटवर पूर्ण ५ दिसले तर वायर चुकून सप्लायच्या भोकात गेली आहे.

स्वतः स्विच लावणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. स्विच उघडा असताना इनपुट शून्य राहावे म्हणून अनेकजण १० किलोओहमचा रोधक ग्राउंडला जोडतात. एलएस इनपुट शून्यावर असताना त्यातून ०.४ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह बाहेर येऊ शकतो, आणि तो १० किलोओहममधून गेला तर गणिताने ४ व्होल्ट होतात. प्रत्यक्षात इनपुट मध्येच कुठेतरी लोंबकळत राहते आणि शून्य होतच नाही. रोधक सप्लायकडे आणि स्विच ग्राउंडकडे असे उलटे जोडावे, म्हणजे तोच १० किलोओहमचा रोधक व्यवस्थित चालतो.

चौथी तपासणी: एलईडीचा भार

रोधक न लावता एलईडी थेट आउटपुटला जोडला की लाल एलईडी तिथला दाब साधारण १.८ व्होल्टवर धरून ठेवतो. एलईडी पेटलेला दिसतो, पण त्याच बिंदूवरून पुढच्या गेटला वायर गेलेली असेल तर त्या गेटला किमान २.० व्होल्ट हवे असतात. डोळ्याला १ दिसतो आणि पुढच्या गेटला तो पोहोचत नाही. एलएस गेट प्रवाह बाहेर देण्यात कच्चे आणि आत ओढण्यात पक्के असते. म्हणून स्वतंत्र एलईडी लावायचा तर सप्लायपासून ४७० ओहमच्या रोधकातून आउटपुटकडे लावावा, आणि तो शून्याला पेटतो हे वहीत लिहून ठेवावे. बहुतेक ट्रेनर किटांवरच्या एलईडींना आतच ट्रान्झिस्टर असतो, त्यांना ही अडचण येत नाही.

पाचवी तपासणी: वायर, चिमट्या आणि काळवंडलेले पाय

इथवर सगळे ठीक निघाले तर संशय जोडांवर घ्यावा. सप्लाय बंद करून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असला की मीटर वाजतो त्या जागी) ठेवावा आणि प्रत्येक वायर एका आयसीच्या पायापासून दुसऱ्या आयसीच्या पायापर्यंत तपासावी. वायर बाहेर काढून तपासली तर ती चांगलीच निघते, कारण बिघाड वायरीत नसून चिमटीत असतो. मीटर वाजत असताना वायर हलवून पाहावी. आवाज तुटला की जागा सापडली.

सापडलेल्या जागेवर सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे ती जागा सोडणे. सबंध आयसी चार-पाच भोके बाजूला सरकवावा. ज्या भोकांत कधीकाळी कोणी १एन४००७ डायोडचे जाड पाय कोंबले होते त्यांच्या चिमट्या पसरलेल्या असतात, त्या परत आवळत नाहीत. अशा रांगेवर आम्ही मार्करने फुली मारतो. फुल्या फार झाल्या की बोर्ड बाद करतो, कारण नव्या बोर्डाच्या किमतीपेक्षा वीस विद्यार्थ्यांचे दोन तास महाग असतात.

आयसीचे काळवंडलेले पाय खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने स्वच्छ करावेत. पॉलिशपेपर वापरू नये. त्याने मुलामा निघतो आणि उघड्या पडलेल्या धातूला किनाऱ्यावर गंज लवकर धरतो. वायर ज्या टोकाला काळी पडली असेल तेवढे टोक कापून नव्याने सोलावे. वायर एकतारीच हवी, २२ गेजची. अनेक बारीक तारांची वायर भोकात जाताना विस्कटते आणि एखादी तार शेजारच्या रांगेला चिकटते.

साठवणीबद्दल दोन शब्द इथेच सांगतो. आयसी थर्मोकोलमध्ये खोचून ठेवण्याची जुनी सवय सोडावी, कारण थर्मोकोलवर स्थिर विद्युत साठते आणि एचसी आयसींना ती घातक ठरते. काळा वाहक फोम किंवा आयसीसोबत येणारी नळी वापरावी. ब्रेडबोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत. रंगाची सिलिका असेल तर निळा रंग जाऊन गुलाबी झाली की ती ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. पूर्वी प्रयोगशाळांत बंद कपाटात साठ वॉटचा दिवा जळत ठेवायचे. त्याने कपाट कोरडे राहते हे खरे, पण कागद आणि प्लॅस्टिकच्या शेजारी तापता दिवा रात्रभर ठेवण्याची जबाबदारी मी घेत नाही. वातानुकूलित खोलीतले किट थेट पावसाळी व्हरांड्यात आणले तर त्यावर दव धरते, तेव्हा अर्धा तास थांबून मगच सप्लाय द्यावा.

सहावी तपासणी: सर्किट अर्ध्यावर तोडून शोधणे

चार-पाच गेटांचे सर्किट असेल तर सगळ्या ओळी पुन्हा पुन्हा फिरवून पाहण्यात काही हाती लागत नाही. चुकणारी एकच ओळ धरावी, स्विच त्या स्थितीत ठेवून द्यावेत आणि मधल्या बिंदूवर मीटर लावावा. उदाहरणार्थ पूर्ण अॅडरमध्ये पहिला अंक १, दुसरा अंक ० आणि आत येणारा हातचा १ घेतला, तर पहिल्या एक्सऑरच्या आउटपुटवर १ आणि बेरजेवर ० यायला हवा. पहिल्या अँडवर ०, दुसऱ्या अँडवर १, आणि म्हणून ऑरमधून निघणारा हातचा १. आधी पहिल्या एक्सऑरचे आउटपुट मोजावे. ते बरोबर असेल तर त्याच्या मागचे सर्व स्विच आणि वायर निर्दोष ठरतात आणि शोध पुढच्या भागापुरता उरतो. ते चूक असेल तर पुढे पाहण्याची गरजच नाही.

आणखी एक काळजी घ्यावी. आउटपुट ज्या पायावर निघते तिथे आधी मोजावे आणि मग ते ज्या पायात जाते तिथे मोजावे. दोन्ही वाचने वेगळी आली तर दोष मधल्या जोडात आहे, आणि पाचव्या तपासणीकडे परत जावे.

काउंटर आणि फ्लिपफ्लॉपचे हट्ट

७४९० चा काउंटर ९ वर अडकला तर ६ आणि ७ या पिन पाहाव्यात. त्या दोन्ही १ असल्या की काउंटर ९ वर धरला जातो, आणि अधांतरी ठेवल्या तरी त्या १ च मानल्या जातात. त्या ग्राउंडला जोडल्या पण २ आणि ३ तशाच राहिल्या, तर काउंटर ० वर अडकतो. चारही ग्राउंडला हव्यात. १२ पासून १ कडे वायर नसेल तर दशक मोजणी होतच नाही. ७४७६ या फ्लिपफ्लॉपचे (एक बिट धरून ठेवणाऱ्या आयसीचे) प्रीसेट आणि क्लिअर, म्हणजे त्याला थेट १ किंवा ० करणारी इनपुट, हे ० ला काम करतात, म्हणून ते सप्लायला बांधून ठेवावेत.

आकडा उड्या मारत असेल तर काउंटर खरे तर चोख मोजत असतो. स्विच एकदा दाबल्यावर त्याचे पाते काही मिलिसेकंद थरथरते आणि काउंटरला तितके वेगवेगळे ठोके मिळतात. दोन नॅन्ड गेटांचा लॅच (मिळालेली अवस्था धरून ठेवणारी जोडणी) आणि दोन बाजूंना टेकणारा स्विच वापरला की पहिल्या स्पर्शालाच अवस्था ठरते आणि थरथर पुढे जात नाही. एवढे करूनही मोजणी चुकत असेल तर प्रत्येक आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. त्यावर १०४ असे छापलेले असते.

शेवटून दुसरा उपाय: आयसी बदलणे

आता नवा आयसी मागायला हरकत नाही. पण त्याआधी त्याच आयसीतले दुसरे गेट वापरून पाहावे, कारण एका ७४०८ मध्ये चार गेट असतात आणि चारही एकदम जळणे दुर्मीळ आहे. संशयित आयसी एकटा रिकाम्या बोर्डावर घेऊन त्याचे आउटपुट कशालाही न जोडता मोजावे. तिथे ते बरोबर आले तर आयसी निर्दोष आहे आणि तुमच्या सर्किटमधला भार त्याला दाबतो आहे. खराब ठरलेल्या आयसीचा एक पाय तिथल्या तिथे मोडून टाकावा. तो परत डब्यात गेला तर पुढच्या बॅचच्या नशिबी येतो.

बदली आयसी घेताना मधली अक्षरे जुळवावीत. दुकानात एलएस मागितल्यावर क्रमांक तोच म्हणून एचसी हाती पडतो, आणि दोघे एका बोर्डावर मिसळले की त्रास सुरू होतो. एलएस आपला १ किमान २.७ व्होल्टची हमी देऊन पाठवतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसीला तो साधारण ३.५ व्होल्टचा हवा असतो. मग एका टेबलावर जे चालते ते दुसऱ्या टेबलावर चालत नाही. अशा जागी २.२ किलोओहमचा पुल-अप लावावा किंवा एलएसचा १ समजणारा एचसीटी प्रकारचा आयसी घ्यावा.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वरच्या सर्व तपासण्या ५ व्होल्टच्या बाजूच्या आहेत आणि त्या विद्यार्थ्याने स्वतः कराव्यात. काही ठिकाणी मात्र हात मागे घ्यायचा असतो.

बोर्डावरच्या सर्व वायर काढून टाकल्यावरही किटच्या टर्मिनलवर ५ व्होल्ट मिळत नसतील, तर दोष किटच्या आत आहे. पावसाळ्यात संध्याकाळी वीजदाब उतरला की आतल्या ७८०५ ला (५ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला) त्याच्या आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्तीचे जे इनपुट लागते ते मिळत नाही आणि आउटपुट ढासळते. सकाळी पुन्हा मोजल्यावर ते सावरले तर किट ठीक आहे. सकाळीही तेच दिसले तर किटवर चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवावे. त्याचे झाकण विद्यार्थ्याने उघडू नये. आत ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट येतात. ते काम किट दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे, आणि मीही ते त्याच्याकडेच पाठवतो.

फ्यूज एकदा गेला तर त्याच मूल्याचा बदलावा. लगेच दुसऱ्यांदा गेला तर तिसरा घालू नये आणि त्या जागी तांब्याची तार तर कधीच गुंडाळू नये. किटच्या धातूच्या पेटीला किंवा टेबलाच्या लोखंडी चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या रांगेतला सप्लाय मुख्य स्विचवरून बंद करावा, सगळ्यांना बाजूला करावे आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि पहिल्या पावसाच्या सुमारास हा दोष उघड होतो. अर्थिंग मोजण्याचे उपकरण आणि ते वापरण्याचा अधिकार वायरमनकडे असतो, आपल्याकडे नसतो. भिंतीतल्या सॉकेटभोवती ओलीचा डाग दिसला तर त्यात प्लग न घालता तेच करावे. आकाशात गडगडाट सुरू झाला तर प्रयोग कितीही रंगात आलेला असो, किटचे प्लग काढून ठेवावेत.